साहेब, जे म्हणताय ते लेखी द्या

दीड महिना आमचं घर प्लिंथवर (जोत्यावर) थांबलं होतं. बाबांनी रिटायरमेंटच्या पैशातून दोन गुंठे घेऊन ठेवलेले, एनए (बिगरशेती) झालंय, मोजणीचा नकाशा आहे, सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी हातात आहे, आणि तरी कॉलमच्या सळया पावसात गंजत उभ्या. कारण काय, तर बांधकाम परवानगी देणाऱ्या ऑफिसमधले इंजिनियर साइटवर आले, टेपसुद्धा न लावता नुसतं बघून म्हणाले मागचं मार्जिन (घर आणि हद्दीमधली मोकळी जागा) कमी दिसतंय, काम बंद ठेवा आणि ऑफिसला येऊन भेटा. कागद नाही, नोटीस नाही, किती कमी तेही नाही.

चार चकरा मारल्या. साहेब मीटिंगला, साहेब साइटवर, साहेब रजेवर. चौथ्या वेळी बाहेर उभ्या असलेल्या एका माणसानं आकडा सांगितला. मिस्त्री म्हणाला देऊन टाका दादा, सगळेच देतात, माझी माणसं दुसरीकडे चाललीत. त्या रात्री मी आणि बायको खरंच हिशोब करत बसलो होतो की देणं स्वस्त पडेल का.

आई नको म्हणाली. मग आर्किटेक्टला घेऊन मार्जिन मोजलं, टेप दिसेल असे फोटो काढले, आणि साधा अर्ज लिहिला: अमुक तारखेला आपण तोंडी काम थांबवायला सांगितलं, मंजूर नकाशात मार्जिन इतकं, जागेवर इतकं, त्रुटी असेल तर लेखी कळवा नाहीतर प्लिंथ नकाशाप्रमाणे असल्याचा दाखला द्या. आवक-जावकला देऊन शिक्क्याची पोच घेतली. बारा दिवसांत दाखला आला, त्रुटी एकही नाही!

तपासणीच नको असं माझं अजिबात म्हणणं नाही. 4 एप्रिल 2013 ला ठाण्याजवळच्या शिळफाट्याला लकी कंपाउंडची बेकायदा बिल्डिंग बांधकाम चालू असतानाच कोसळली, 74 माणसं गेली, आणि पकडलेल्यांत बिल्डरबरोबर पालिकेचे अधिकारीही होते. साइटवर येणाऱ्या माणसाची नजर पैशानं फिरली की काय होतं ते तिथे दिसलं. म्हणून तर राग येतो, सरळ माणसाचं काम अडतं ते त्याच नजरेमुळे.

आणि नियम काही गुपित नाहीत. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही भाग सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, कुठल्या प्लॉटला किती मार्जिन ते त्यात छापलंय. बेकायदा काम थांबवायचं तर 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्यात कलम 54 ची नोटीस आहे, नुसतं तोंडी "बंद ठेवा" म्हणजे नोटीस नव्हे. फाइल कुठे अडकलीय ते 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात विचारता येतं. आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, जबरदस्तीनं द्यावी लागली तर 7 दिवसांत तक्रार केली तरच सुटका, हे आम्हाला माहीतच नव्हतं, म्हणजे त्या रात्री आम्ही कशाचा हिशोब करत होतो बघा. कोणी पैसे मागितले तर देण्याआधी 1064 ला फोन करा, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर आहे.

आता स्लॅब पडलाय, पुढे भोगवटा प्रमाणपत्राची तपासणी आहे, तिथेही प्रत्येक कागदाची पोच घेणार. अर्जाचा नमुना कोणाला हवा असेल तर मेसेज करा, नाव-पत्ता काढून पाठवतो.