घर ठेवा आणि घरातलं सगळं सांगा

डिसेंबर 2023मध्ये भिडे वाडा पाडला, तेव्हा आमच्या पुण्याच्या मित्रांच्या ग्रुपवर दोन तट पडले. 1848 साली फुले दाम्पत्याने मुलींची शाळा काढली ती वास्तूच गेली, आता स्मारक कसलं, असं काहींचं म्हणणं. बाकीचे म्हणाले, वाडा कधीचाच मोडकळीला आला होता, कोर्टकचेरीत वर्षं गेली, निदान राष्ट्रीय स्मारक तरी होऊ दे. मला दुसरी बाजू पटते. पण वाडा मोडकळीला येईपर्यंत आपण सगळे काय करत होतो, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

मी व्हर्जिनियात, रिचमंडला राहतो. इथे जॉन मार्शल यांचं 1790चं विटांचं घर आहे. मार्शल 1801 ते 1835 अमेरिकेचे सरन्यायाधीश होते. संसदेचा कायदा राज्यघटनेच्या विरोधात जात असेल तर न्यायालय तो रद्द ठरवू शकतं, हे त्यांनी 1803च्या मार्बरी खटल्यात ठामपणे मांडलं. आपल्याकडे संसदेला घटनेचा मूळ गाभा बदलता येत नाही असं ठरवणाऱ्या 1973च्या केशवानंद भारती निकालावर तावातावाने बोलणाऱ्यांची नाळ थेट इथपर्यंत पोचते.

हे घरसुद्धा पडणारच होतं. 1907 साली शहराने ती जागा हायस्कूलसाठी विकत घेतली. लोकांनी आवाज उठवला. शाळाही झाली, घरही राहिलं. 1911मध्ये एका नागरी जतनसंस्थेने ते सांभाळायला घेतलं आणि 1913पासून ते सर्वांना पाहायला खुलं आहे. मार्शल यांचा न्यायाधीशाचा काळा रेशमी झगाही जपलेला आहे.

पण माझं मन त्या झग्यापेक्षा रॉबिन स्परलॉकपाशी जास्त अडकतं. रॉबिन हा या घरातला गुलाम, मार्शल यांचा खास नोकर. मृत्युपत्रात मार्शल यांनी त्याला मुक्त करण्याची इच्छा लिहिली. आफ्रिकेत मुक्त गुलामांसाठी वसवलेल्या लायबेरियाला गेला तर 100 डॉलर, नाही गेला तर 50. मात्र मुक्त झालेल्याने राज्य सोडावं असा व्हर्जिनियाचा कायदा होता. ते जमत नसेल तर मार्शल यांच्या मुलामुलींपैकी आपला मालक त्याने स्वतः निवडावा, अशी सोय केलेली! रॉबिनने मुलीचं घर निवडलं. घटनेचा एवढा मोठा भाष्यकार आणि त्याच्या घरातल्या माणसाला मिळालेलं स्वातंत्र्य ते एवढंच. मार्शल यांनी आयुष्यभरात शेकडो माणसं गुलाम म्हणून बाळगली, हे संशोधनातून पुढे आल्यावर शिकागोच्या एका विधी महाविद्यालयाने 2021मध्ये आपल्या नावातून मार्शल यांचं नाव काढून टाकलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. आणि घर उभं राहिलं, हेही योग्यच वाटतं. आवारातलं वेगळं स्वयंपाकघर, धोबीखाना, तबेला आज नाहीत. जिथे ही माणसं राबली त्या जागा गेल्या, म्हणून त्यांची नावं उरलेल्या घरातच घ्यावी लागतात.

आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांबद्दल मला हेच हवं आहे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी गेल्यावर 1873 साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. मग घरच्या बायकांचा विरोध असताना त्यांना स्वतः शिकवलं, आणि त्याच रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदन वाढवलं. पुतळ्याखालच्या पाटीवर यातलं फक्त सोयीचं तेवढं येतं. घरात मात्र ती मुलगी पाटी घेऊन कुठे बसली असेल, तिच्यावर कोण रागावलं असेल, हे सांगावंच लागतं.

त्यासाठी वाडे आधी टिकायला हवेत. वारसा यादीत नाव गेलं की मालकाला शिक्षा झाल्यासारखं वाटतं. त्याला टीडीआर, म्हणजे तिथे न करता येणारं बांधकाम दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क, वेळेत मिळाला, भाडेकरूंची सोय आधी लागली, छपराच्या डागडुजीला पैसे मिळाले, तर तो वाडा पावसाच्या भरवशावर सोडणार नाही. परदेशातली आमची मंडळं गणपतीला हौसेने वर्गणी काढतात. एखाद्या वाड्याच्या कौलांसाठीही ती निघू शकते, आणि आमच्या मंडळात मी हा विषय मांडणार आहे.