पाहुण्यांना आगळ कुणी लावलं?

नमस्कार. एका होमस्टेच्या इंग्रजी पत्रकातल्या चुकीच्या वाक्यावर मी लेख लिहिला होता, त्यावर तुमचं पत्र आलं. ‘पाहुणे थाळी जेवायला येतात, व्याकरण तपासायला नाही. अर्थ कळला ना? मराठीत तर असं सर्रास चालतं,’ असं तुम्ही लिहिलंय. गावच्या माणसाच्या इंग्रजीला हसलो, हाही आरोप आहे. हसलो, खरंय. पत्रक कोणत्या होमस्टेचं ते म्हणूनच सांगितलं नव्हतं.

वाक्य होतं, ‘आफ्टर मॅरिनेटिंग इन आगळ, अवर गेस्ट्स एन्जॉय फ्राइड सुरमई.’ (आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस.) इंग्रजीत असा बिनकर्त्याचा तुकडा सुरुवातीला आला की स्वल्पविरामानंतर जो पहिला भेटेल त्याला चिकटतो. इथे भेटले पाहुणे. आपल्याला अर्थ लागतो, मान्य. पण पत्रक इंग्रजीत ज्याच्यासाठी छापलंय, त्याला आगळ म्हणजे काय हेच ठाऊक नसतं.

मराठीबाबत मात्र तुम्ही मला पकडलंत. मराठीतही ही चूकच, असं मी ठोकून दिलं होतं, मागे घेतो. ‘दापोलीहून हर्णैला उतरताना सुवर्णदुर्ग दिसतो’ यात उतरणारे आपण, दिसणारा किल्ला, आणि कुणालाच खटकत नाही. ‘-ताना’, ‘-ल्यावर’ यांना दुसरा कर्ता चालतो. शिवाय आपल्याकडे गोष्टी दिसतात, लागतात, सापडतात. बघणारा ‘मला’ होऊन कडेला बसतो, नाहीतर गायबच. हीच बांधणी उचलून ‘ड्रायव्हिंग डाउन टु हर्णै, सुवर्णदुर्ग कम्स इन्टु व्ह्यू’ केलं की किल्लाच गाडी चालवत येतो. ‘ॲज यू ड्राइव्ह डाउन टु हर्णै’ लिहा, गाडी तुमच्या हातात.

पण ‘-ऊन’ घेऊन बघा. ‘आगळ लावून पाहुणे जेवायला बसतात.’ आमची आत्या लगेच विचारेल, कुठे लावून?

तुमचा एक मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी सुचवलेलं ‘आफ्टर बीइंग मॅरिनेटेड’ ही दुरुस्ती नव्हतीच. त्यात तर पाहुणे जास्तच मुरले. ‘वी मॅरिनेट द सुरमई इन आगळ अँड सर्व्ह इट हॉट’ एवढं पुरे. लेखात बदललंय.

आणि ‘कन्सिडरिंग द रेन, द फेरी वॉज ऑन टाइम’ यात विचार कोण करतंय, असं तुम्ही विचारलंत. कुणीच नाही. आपल्या ‘पाऊस बघता’सारखं ते रुळून गेलंय, इंग्रजीतही चालतं. दाभोळची फेरीबोट सुटू द्या खुशाल.