‘दाराले कोन पाह्यते?’ या मेसेजला उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस-आर्णीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: “पासिंगले फक्त ब्रेक, लाईट अन् धूर पाह्यतात. दाराले कोन पाह्यते? तार बांधा, पैसे वाचवा. प्रायव्हेट गाडीले तं पासिंगच नसते.” मी डेंटिंगचं काम करतो. हा मेसेज वाचून ओळखीच्या एका काळीपिवळीवाल्यानं (गावोगावी सवाऱ्या नेणाऱ्या जीपवाल्यानं) नीट न लागणाऱ्या दाराचं ठरलेलं काम रद्द केलं, म्हणून हे लिहायला बसलो.

“फक्त ब्रेक, लाईट” हे खरं नाही. पासिंग म्हणजे आरटीओची फिटनेसची तपासणी. तीत या गोष्टी ठळक असतात, पण आरसा आणि काचही तपासतात, आणि आरसा दारावरच बसवलेला असतो. दार हललं की तोही थरथरतो. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 56 प्रमाणे गाडी कायद्याच्या आणि नियमांच्या सगळ्या अटींत बसते असं प्रमाणपत्र लागतं. मागच्या खेपेला कोणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून तारेला परवानगी मिळाली असं होत नाही.

“प्रायव्हेटले पासिंग नसते” हे पंधरा वर्षांपुरतंच. त्यानंतर नोंदणी पुढे 5 वर्षं वाढवायची तर गाडी दाखवावी लागते. काळीपिवळीला 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी, पुढे दरवर्षी.

खरा राग मला “तार बांधा” याचा येतो. दाराच्या लॉकला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर दार अडकतं, दुसऱ्यावर पक्कं बसतं. पहिला टप्पा कशासाठी, तर दार नीट लागलं नाही तरी ते लगेच उघडू नये म्हणून. तारेला यातला एकही टप्पा नाही. खड्ड्यात गाडी आदळली, वळणावर माणसं दाराकडे रेलली की सगळा भार त्या पिळावर येतो. आणि तार तुटली नाही तर? पावसाळ्यात नाल्याचं पाणी पुलावरून जातं, गाडी बंद पडते, पाणी आत येतं. त्या वेळी मधल्या सीटवरची बाई लेकराला घेऊन पिळ सोडत बसणार का? आग लागली तरी तेच. दार बंद राहिलं पाहिजे तितकंच ते उघडलंही पाहिजे.

“सीटबेल्ट आहे ना” असंही खाली कोणीतरी लिहिलंय. काळीपिवळीत मागे बसणारे किती जण बेल्ट लावतात, हे त्यानंच सांगावं.

राहिला खर्च. दरवेळी नवीन दार लागत नाही. बऱ्याचदा दाराच्या चौकटीच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे लॉक ज्यात अडकतं ती कडी, सरकलेला असतो, तो बोल्ट सैल करून जागेवर आणला की काम होतं. कधी लॉकमध्ये धूळ बसून ते सुकलेलं असतं, कधी हँडलची केबल ढिली असते. मागचं दार फक्त आतूनच उघडत नसेल तर आधी दाराच्या कडेला असलेली चाइल्ड लॉकची (लेकरांनी आतून दार उघडू नये म्हणून असलेली) खिटी पाहा, तो बिघाड नसतो. गंजाचं मात्र लवकर पाहा. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी दाराच्या खालच्या कडेला असलेल्या भोकांतून निघतं. आपल्या काळ्या मातीच्या चिखलानं ती भोकं बुजतात आणि दार आतून सडतं. काडीनं भोकं मोकळी करायला पैसे लागत नाहीत.

घरच्या घरी तपासायचं असेल तर दार अर्धं उघडा, टोकाला धरून वर उचला. खालीवर हललं तर बिजागरीची पिन झिजली आहे. मग दार हळूच लावा आणि दोन ‘टक’ ऐकू येतात का ते ऐका. एकच आला, तर गाडी आधी गॅरेजवर न्या, सवाऱ्या नंतर भरा.