तीन महिन्यांनी दार बंद होत नाही

कॉलेजमधल्या लैंगिक छळावरच्या तुमच्या लेखातलं ‘घटनेला तीन महिने झाले की अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येत नाही’ हे वाक्य कृपया दुरुस्त करा. (ही समिती म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणारी कॉलेजचीच समिती.) हे वाचून एखादी मुलगी गप्प बसेल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५च्या नियमांत मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. म्हणजे जूनमधल्या कॉमेंट्सनंतर ऑक्टोबरमध्ये मेसेज आला असेल, तर मोजणी ऑक्टोबरपासून. शिवाय कारणं नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, म्हणून उशीर का झाला (परीक्षा, धमकी, आजारपण) हे अर्जातच लिहा. पोलिसांकडे जायला ही तीन महिन्यांची अट लागूच नाही.

मुदत खरी हुकते ती तोंडी तक्रारीमुळे. मुलगी वर्गशिक्षकांना सांगते, ते ‘बघतो’ म्हणतात, आणि कागदावर काहीच नसतं. लेखी अर्ज द्या, आपल्या प्रतीवर तारीख आणि आवक शिक्का घ्या. लिहिता येत नसेल तर मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. आरोप प्राध्यापकावर असेल तर त्यांना तुमचे पेपर तपासू देऊ नयेत, अशी अंतरिम मागणी त्याच अर्जात करा, परीक्षेचा निकाल लागल्यावर तिचा उपयोग नाही. ही तरतूद फार कमी जणांना माहीत असते. मुलगेही तक्रार करू शकतात.

आणि मुंबईत अकरावी-बारावी अनेकदा कॉलेजच्याच इमारतीत भरते. तक्रारदार अठराच्या आतली असेल तर पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) लागतो, पोलिसांना कळवावंच लागतं. ‘आधी समिती बघेल’ हे तिथे चालत नाही.