फ्लेक्सवरचे उजवीकडचे गृहस्थ

परवा देवळाकडे जाताना शेजारच्या वहिनींनी मला कमानीखाली थांबवलं आणि वर बोट दाखवून विचारलं, "उजवीकडे ते कोण गो? नवे आमदार?"

आमदार नव्हेत. ते कोण, कुठले, काय करतात, हे मलाच काय, जत्रा कमिटीतल्या कुणालाच धड सांगता येणार नाही. त्यांची जन्मतारीख तेवढी मला तोंडपाठ आहे.

मी अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गावात याला 'ड्रॉइंगचा कोर्स' म्हणतात, आणि तो चार वर्षांचा आहे हे ऐकल्यावर लोक आईकडे सहानुभूतीने बघतात. आईचं दुःख आणखी वेगळं. पहिल्या वर्षी स्टिल लाइफला आमच्यासमोर तांब्याची कळशी मांडायचे. "घरातली कळशी घास म्हटलं तर हिचे हात दुखतात, आणि तिथे फी भरून दिवसभर कळशीकडे बघत बसते," हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. तर अशा मुलीकडे जत्रेच्या नाटकाचा फ्लेक्स आला. आला म्हणजे, खजिनदारकाका घरी येऊन चहा प्यायले आणि उठताना म्हणाले, "तूच कर. तुला प्रॅक्टिस होईल."

आमच्याकडे गोव्यात जत्रा म्हटली की रात्री मराठी नाटक आलंच, आणि ते गावातलीच मंडळी करतात. यंदा ऐतिहासिक होतं, त्यामुळे अर्ध्या गावाच्या दाढ्या आधीपासूनच वाढीला लागल्या होत्या. मी मनावर घेतलं. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम असायचं. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो वाळायच्या आत टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. लाल आणि पांढरा, बास. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ते बघून आल्यापासून माझ्या डोक्यात होतं. नाटकाचं नाव मी बोरूने लिहिलं, मनासारखं येईपर्यंत कागद फाडले, स्कॅन केलं, भोवती कावीतली वेलबुट्टी घेतली आणि उरलेली जागा मोकळी सोडली. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'संकल्पना व मांडणी' आणि माझं नाव. बारा बाय आठचा फ्लेक्स, आणि माझं नाव बोटभर. यात हावरटपणा कुठे आहे, सांगा.

फाइल घेऊन मी आणि खजिनदारकाका बाजारातल्या दुकानात गेलो. ऑपरेटर पोरगा मान न उचलता म्हणाला, "पेनड्राइव्ह द्या." तेवढ्यात ते गृहस्थ आत आले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं आधार कार्ड. "एक कलर झेरॉक्स. फक्त एक." पोराने कार्ड स्कॅनरच्या काचेवर ठेवलं, पण मशीन गरम व्हायला वेळ लागणार होता. तो वेळ त्यांनी माझ्यावर खर्च केला.

बराच वेळ हात मागे बांधून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही काका. जत्रेच्या नाटकाचं आहे."

"असं होय. एवढी जागा मोकळी, म्हणून म्हटलं. श्रद्धांजलीलाच एवढी सोडतात."

श्रद्धांजली हा शब्द खजिनदारकाकांच्या कानात गेला आणि तिथेच माझा खेळ संपला. नाटकात काम करणाऱ्यांपैकी दोघांना साखर आहे आणि एकाची अँजिओप्लास्टी झालेली आहे. काकांच्या चेहऱ्यावर ते सगळं एकदम दिसायला लागलं.

"रंग किती वापरलेत?" गृहस्थांनी पोराला विचारलं.

"दोन."

"दोनांचे पैसे किती?"

"रंगाचं काही नसतं. चौरस फुटावर दर. दोन घाला नाहीतर शंभर."

गृहस्थ माझ्याकडे वळले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, खरीखुरी काळजी होती. "पैसे शंभर रंगांचे द्यायचे आणि वापरायचे दोन? बाय, तुझ्या बापायने पैसे कसे मिळवले असतील, तो तरी विचार कर."

याला उत्तर नाही. मी नंतर घरी, बसमध्ये, आंघोळ करताना शोधलं. मोकळी जागा कशासाठी, नजर कुठून कुठे जाते, हे सगळं मला येतं. त्यावर मी पानंच्या पानं लिहून मार्क मिळवले आहेत. पण चौरस फुटाचा दर ठरलेला असताना दोनच रंग का, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

मी तरी म्हटलं, "काका, मी हे कॉलेजात शिकते."

"शिक ना. नको कोण म्हणतो? पण मारिओ सांग कुठल्या कॉलेजात गेला?"

लोटलीच्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं, हे खरं आहे. हे या माणसाला ठाऊक असावं, याचा मला आजही राग येतो. मी साळगावचे चित्रकार सूझा काढले. मुंबईच्या जेजेत, म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये होते, म्हटलं.

"पास झाले?"

"...नाही. काढून टाकलं त्यांना. १९४५ साली."

"हां."

त्या 'हां'मध्ये माझी तिन्ही वर्षांची फी बुडाली. घाईघाईने मी त्रिंदाद म्हटलं. आंतोनियो शावियेर त्रिंदाद, सांग्याचे, जेजेत शिकले, पूर्वेचे रेम्ब्रांट म्हणतात त्यांना, पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्यांची चित्रं लावलेली आहेत, जाऊन बघा. गृहस्थांनी खजिनदारकाकांकडे पाहिलं, काकांनी पोराकडे, पोराने स्क्रीनकडे. "हे पास झाले असतील," गृहस्थ म्हणाले. "पण ओळखतो कोण?"

दीनानाथ दलाल काकांना माहीत होते. त्यांच्या घरी माडीवर ट्रंकेत जुने दिवाळी अंक आहेत आणि मुखपृष्ठं अजून शाबूत आहेत. "आपल्या मडगावचे ते," काका खुलले, "काय बाई काढायचे!" गृहस्थांनी तेही निकालात काढलं. दलाल मुंबईला गेले. मी लक्ष्मण पै म्हणाले, तर ते पॅरिसला दहा वर्षं होते हे माझ्याच तोंडून निघून गेलं. "म्हणजे जे जातात ते होतात," असा निवाडा झाला. "तू अजून इथेच आहेस ना?"

मग गोव्यातला अटळ प्रश्न. "तू कोणाची गो?" मी बाबांचं नाव सांगितलं. आईचं माहेर सांगितलं. आईच्या माहेरच्या वाड्यावर त्यांच्या ओळखीचा एक पोस्टमन होता. पोस्टमनशी आमचं काही नातं नाही, पण त्या क्षणापासून मी त्यांची भाची झाले आणि भाचीच्या फ्लेक्सवर त्यांचा हक्क लागू झाला. त्यांनी मोबाइल काढून त्यांच्या साडूच्या गावचा फ्लेक्स दाखवला. ढग होते, वाघ होता, मागून सूर्याची किरणं फाकलेली. "असं काहीतरी." ऑपरेटरकडे किरणं तयारच असतात. एका क्लिकवर ती माझ्या कावीच्या मागून फाकली.

इथे जरा थांबते, कारण हा एका फ्लेक्सचा प्रश्न नाही. चवथीला घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधली की वरून हाक येते, "फोटोग्राफी शिकतेस ना, काढ फोटो." माटोळीचा फोटो सोपा नसतो. वर ट्यूबलाइट पांढरी, मागे माळेतले दिवे लाल-निळे, समोर समईची पिवळी ज्योत, आणि मधे टांगलेली सुपारी, निरफणस, कांगला, घागऱ्यो, सगळं आपापल्या सावलीत. कुठला पांढरा रंग पांढरा धरायचा हेच कॅमेऱ्याला कळत नाही. मी स्टँड लावते, आयएसओ खाली आणते, शटर सावकाश ठेवते, "कोणी हलू नका" म्हणून ओरडते. तोवर चुलतभाऊ मोबाइलवर टिपतो आणि ग्रुपवर टाकतो. खाली अंगठ्यांची रांग. मग काकू जवळ येऊन मायेने सांगते, "त्याचा मोबाइल चांगला आहे गो, तुला पण घेऊन देऊया."

आणि फुकटाचं. मंडपवाल्याला ॲडव्हान्स. साउंडवाल्याला ॲडव्हान्स. मेकअपवाल्याला ॲडव्हान्स आणि वर जेवण, कारण तो रुसला तर महाराजांना मिशी मिळत नाही. "तू मंडप घाल, तुला प्रॅक्टिस होईल" असं मंडपवाल्याला सांगायची कोणाची छाती आहे? एक बऱ्यापैकी ब्रश काय भावाला मिळतो, सबमिशनच्या प्रिंट काढायला किती लागतात, हे मी कमिटीला सांगायला गेले असते तर म्हणाले असते, हिला शिंगं फुटली. माझ्या वर्गातली एक मुलगी लग्नपत्रिका करते. पैसे मागितले की नातं आठवतं, आणि नातं आठवलं की पत्रिकेत मागच्या बाजूला अजून एक देव वाढतो. असो. विनोदी लिहायला बसले होते.

दुकानात तोपर्यंत खजिनदारकाकांनी फोन फिरवले होते. श्रद्धांजली टाळायचा एकच मार्ग निघाला होता: जागा भरा. कमिटीचे फोटो व्हॉट्सॲपवर धडाधड येऊ लागले. अध्यक्ष दूधसागरपाशी गॉगल लावून. सचिव कुणाच्या तरी लग्नातले, खांद्यावर नवरीचा मेंदीचा हात. तो हात पोराने कापला, पण तीन बोटं राहिली. उपाध्यक्षांनी पासपोर्ट फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवला, त्यात त्यांच्या कपाळावर ट्यूबलाइट चमकत होती. मोबाइलवरून मजकूरही आला. तो दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवल्यावर रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर बसले: 'कायर्क्रम', 'हादिर्क शुभेच्छा'. मी म्हटलं, हे तरी दुरुस्त करूया.

"समजतं ना?" गृहस्थ म्हणाले.

समजत होतं.

एवढं झाल्यावर उजवीकडे वर एक चौकोन रिकामा राहिला. पोराने सहा-सहाच्या ओळी लावल्या होत्या आणि कमिटीत माणसं अकरा. सगळे त्या चौकोनाकडे बघत उभे राहिले. तेव्हा गृहस्थांनी खिशात हात घातला आणि पाचशेची नोट काउंटरवर ठेवली. "जत्रेला माझ्याकडून. देव काय तुमचा आणि आमचा वेगळा?"

काका भारावले. त्यांनी पावती फाडली, नाव विचारलं, नंबर विचारला. मग साहजिकच म्हणाले, "मग तुमचा फोटो पण हवा."

"फोटो आत्ता कुठून आणू?"

पोराने पहिल्यांदा मान वर केली. "तो काय, काचेवर आहे."

कार्डावरचा फोटो जेमतेम इंचभर. तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून स्कॅन केला तर उभ्यात मिळतात तीनशे ठिपके. दीड फुटावर ताणायचे म्हणजे इंचाला सोळा-सतरा. लांबून बघायच्या फ्लेक्सला बाहत्तरही चालतात हे मला मान्य, पण सतरा? मी हे आकडे सांगितले. मोठ्याने सांगितले. पोरगा म्हणाला, "लांबून कोण बघतो." गृहस्थ म्हणाले, "सरकारला चालतो तो फोटो." आधार कार्डाचा फोटो कोणाचाच बरा नसतो, यांचा तर डोळे मिटता मिटता घेतलेला. आता ओठांच्या जागी तीन चौकोन आणि डोळ्यांच्या जागी दोन, आणि त्यांतून ते देवळाकडे येणाऱ्या प्रत्येकाकडे बघतात.

शेवटी खाली त्यांच्या नावाची पट्टी बसेना. पोराने विचारलं, "ही बारीक ओळ कसली?"

ती माझी होती.

"काढ गो ती," खजिनदारकाका अगदी प्रेमाने म्हणाले. "तुला सगळे ओळखतात. तुझं नाव कशाला?"

जत्रा झाली, नाटक पहाटेपर्यंत चाललं, महाराजांची मिशी दुसऱ्या अंकात सुटली, आणि मला श्रीफळ मिळालं. गृहस्थ पहिल्या रांगेत होते. त्यांचाही सत्कार झाला. त्यांना श्रीफळ आणि शाल.

कॉलेजात त्याच सुमारास परिसरातल्या ग्राफिक्सवर काम द्यायचं होतं. मी शहाणपणाने दोन प्रिंट शेजारी लावल्या: डावीकडे माझी कावीतली मांडणी, उजवीकडे कमानीवरचा फ्लेक्स. सौंदर्यदृष्टीची हत्या कशी होते, असा एकंदर सूर ठेवला होता. सर माझ्या मांडणीसमोर थोडा वेळ उभे राहिले. "स्वच्छ आहे," म्हणाले. "जरा जास्तच स्वच्छ." मग फ्लेक्सपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि उजव्या कोपऱ्याला नाक लावलं.

"हे कोणी केलं?"

मी सांगितलं.

"पिक्सेल असे उघडे ठेवायला हिंमत लागते. अख्ख्या फ्लेक्समध्ये प्रामाणिक असं एवढंच आहे. या माणसाशी बोलायला हवं. बघ, वर्गात येतील का?"

नंबर खजिनदारकाकांच्या पावतीवर आहे. मी अजून फोन केलेला नाही, कारण ते येतील. नुसते येणार नाहीत, रंगांवर बोलतील, आणि पाहुण्या व्याख्यात्याला मानधन असतं.