आधी पावलं मोजायला शिक, मग ट्रॅव्हल ट्रॅव्हल ओरड

अरे यार कंटाळा आला, खरंच. बास्केटबॉलची मॅच चांगली चुरशीची झाली म्हणून दोन शब्द बोलायला जावं, शेवटच्या तीन मिनिटांत त्या ढिम्म सेंटरला (बास्केटजवळच्या उंच खेळाडूला) प्रत्येक पिक अँड रोलमध्ये (एक जण आडवा उभा राहून बॉलवाल्याला वाट करून देतो तो डाव) ओढून धुत होते आणि कोच त्याला बसवत का नव्हता एवढंच बोलायचं होतं मला, तर पाचव्या मिनिटाला गाडी कुठे? मायकल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स. मॅचमध्ये दोघंही नव्हते!!

आमच्यातला एक आहे, नाव नको. वय चोवीस. म्हणजे १९९८ ला जॉर्डनने यूटामध्ये तो शेवटचा शॉट मारला तेव्हा हा जन्माला पण आला नव्हता, आणि मला तोंड वर करून सांगतो "त्या वेळी डिफेन्स असायचा". कुठल्या वेळी रे बाबा? तू बघितलंयस ते दहा मिनिटांचं हायलाइट, ज्यात एकही शॉट चुकत नाही. त्यात तुला डिफेन्स दिसला कुठे?

परवा तर कहर केला. फोन माझ्या नाकापुढे धरला, क्लिप थांबवली आणि अंगठ्याने इंच इंच पुढे सरकवत मोजतोय, एक... दोन... तीन! बघ तीन! ट्रॅव्हल! म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकली. मी म्हटलं मागे घे. घेतलं. अजून मागे. आता हात बघ त्या खेळाडूचा, अजून बॉलच्या वर आहे, ड्रिबल (बॉल आपटणं) चालूच आहे आणि तू मोजायला लागलास पण. बॉल ताब्यात आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर होता तो झिरो, मग पुढचे एक आणि दोन. याला गॅदर म्हणतात, एनबीएत (अमेरिकेची ती मोठी लीग) असंच मोजतात आणि फीबाने (आंतरराष्ट्रीय संघटना) पण २०१७ मध्ये हेच घेतलं. यावर साहेबांचं उत्तर काय, तर "मग नियमच चुकीचाय". झालं! म्हणजे दोन मिनिटांपूर्वी रेफरी आंधळा होता, आता नियम बनवणारे येडे, फक्त हा एकटा शहाणा. अरे नियम आवडत नाही तर तसं म्हण ना, मला पण सगळे आवडत नाहीत. आणि रेफरी सोडून देतात कधीकधी, चार पावलं टाकून माणूस आरामात जातो आणि शिट्टी वाजत नाही, तेव्हा मी पण टीव्हीसमोर शिव्या घालतो. पण ती क्लिप कोणी पाठवत नाही! पाठवतात ती नेमकी बरोबर असलेली.

बरं ते सोड, रिंगा, म्हणजे एनबीए जिंकल्यावर मिळतात त्या अंगठ्या. "जॉर्डनच्या सहा विरुद्ध लेब्रॉनच्या चार, विषय संपला." अरे विषय संपला तर मग रॉबर्ट हॉरीच्या सात आहेत, तो जॉर्डनपेक्षा मोठा का? नाही म्हणे, तो रोल प्लेयर, स्टारच्या मागचा. बरं, मग बिल रसेलच्या ११ आहेत, तेराच सीझन खेळला. नाही म्हणे, तेव्हा टीमच किती होत्या. मान्य, तो आला तेव्हा आठच टीम होत्या. पण मग रिंगा "मोजायच्या" की "बघून मोजायच्या" ते एकदा ठरव ना राजा! स्वतःच्या माणसाला सोयीचं तिथे आकडा, गैरसोयीचं तिथे "संदर्भ बघ".

आणि माझं डोकं सगळ्यात जास्त कशाने फिरतं माहितीये? "जॉर्डन फायनलमध्ये कधी हरला नाही, लेब्रॉन सहा वेळा हरला." हो बरोबर, दहा फायनल, चार जिंकल्या. आणि जॉर्डन १९८५, ८६, ८७ तिन्ही वेळा पहिल्याच राउंडमध्ये घरी गेला त्याचं काय? ८६ ला बॉस्टनविरुद्ध एका मॅचमध्ये ६३ पॉइंट मारले, दोन ओव्हरटाइम गेले, ती मॅच पण हरले आणि सिरीज ३-०. त्याची चूक होती का? अजिबात नाही, त्या बॉस्टनपुढे एकटा काय करणार. पण मग हीच सूट २०१८ ला लेब्रॉनला का नाही, पहिल्या मॅचला ५१ मारून हरलाच ना तो? म्हणजे यांच्या हिशोबाने पहिल्या राउंडला हरलास तर पाटी कोरी, फायनलपर्यंत जाऊन हरलास तर डाग. मुद्दाम आधीच हरायचं का मग? २०११ ला डॅलससमोर लेब्रॉन गायब होता, त्यावर बोला, मी पण दोन शिव्या घालतो, तो मुद्दा आहे. सहा वेळा हरला हा मुद्दा नाहीये.

मग येतं हँड-चेक, म्हणजे बॉलवाल्याला हात लावून अडवणं. "आता कोणी हात पण लावू शकत नाही." हो, २००४-०५ पासून ते कडक केलं, गार्ड (बॉल घेऊन पुढे जाणारे खेळाडू) मोकळे झाले, मान्य. पण २००१ पर्यंत झोन डिफेन्सच चालत नव्हता, माणूस सोडून उगाच मध्ये उभा राहिलास की इलिगल डिफेन्स, हे का नाही कोणी बोलत? हात लावता येत होता पण मदतीला असं मध्ये उभं राहता येत नव्हतं, आता उलटंय. कुठलं सोपं ते खरंच सांगता येत नाही, आणि खरी मजा त्यातच आहे ना! आणि ती थ्री पॉइंटची रेघ, १९९४ ते ९७ तीन सीझन जवळ आणली होती, त्यात ९५-९६ ला जॉर्डनचे थ्री ४२.७ टक्के, आणि रेघ परत मागे नेल्यावर ९७-९८ ला २३.८. हे सांगितलं तर म्हणतो "तू लेब्रॉनचा भक्त आहेस". अरे मी जॉर्डनलाच वर धरतो, गाढवा! माझा माणूस पण तोच आहे, फक्त तुझी कारणं भिकार आहेत.

दुसऱ्या, म्हणजे लेब्रॉनच्या पार्टीचे पण काही कमी नाहीत. यांना १९९० च्या आधीचे सगळे प्लंबर, म्हणजे हौशी. विल्ट चेंबरलेनचे एका मॅचमधले १०० पॉइंट? "समोर कोण होतं". अरे ठीक आहे, पण त्याच मॅचमध्ये त्याने ३२ पैकी २८ फ्री थ्रो (फाउलनंतरचे मोकळे शॉट) घातले, विल्टने, ज्याला जन्मभर फ्री थ्रो जमले नाहीत. फ्री थ्रोला समोर कोण असतं रे? लाइन तीच, बास्केट तीच. पण नाही, तिथे बुद्धी चालवायचीच नाही.

काल रात्री परत त्याचा मेसेज, क्लिप, खाली हसणाऱ्या इमोजीची रांग आणि "आता बोल". मी उघडलीच नाही.

उघडली. हात बॉलच्या वरच होता.