‘हे आधी का नाही सांगितलं?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. तुमचा पंखा पर्यावरणाला किती जड पडतो, याच्या आमच्या रिपोर्टला १० दिवस सांगून २२ दिवस लागले, त्याबद्दल मनापासून माफी मागते. उशीर होतोय हे फोन उचलून सांगायला हवं होतं. नुसत्या मेलवर विसंबून राहिलो, ती चूक आमची.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "पैसे घेतले आणि शेवटी म्हणाले मोटर बदला. हे आधी का नाही सांगितलं?" हे वाक्य फार लागलं. बाकी सगळं ऐकून घेईन, याला मात्र उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

सर, आधी सांगितलं होतं. मागच्या वर्षी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही आमच्या भोसरीच्या ऑफिसात आलात, तेव्हा तुमच्या हातात बांबूच्या पात्यांच्या सीलिंग फॅनचं फक्त स्केच होतं. डाय (भाग घडवायचा साचा) नव्हती, मोटरची ऑर्डर नव्हती. मी तेव्हाच म्हटलं होतं की वजनं अंदाजे सांगा, मोटरचे दोन-तीन पर्याय द्या, दोन दिवसांत ढोबळ एलसीए, म्हणजे वस्तूच्या जन्मापासून भंगारापर्यंतचा पर्यावरणाचा हिशेब, करून देतो. १८,००० रुपयांचं कोटेशन दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलं होतं. तो मेल अजून आहे. तुमचं उत्तर आलं, "आधी माल तर बाहेर पडू दे, मग मोजू." त्याचा राग तेव्हाही नव्हता, आजही नाही. नवा धंदा उभा करताना प्रत्येक रुपया कुठे जातो ते बघावं लागतं, मी स्वतः त्यातून गेले आहे.

संक्रांतीनंतर तुम्ही परत आलात, तोवर पाती धरणाऱ्या ब्रॅकेटची डाय कापून झाली होती आणि ५० वॉटच्या साध्या इंडक्शन मोटरच्या पहिल्या लॉटचा ॲडव्हान्स गेला होता. त्यानंतर आम्ही काहीही सांगितलं असतं तरी ते तुम्हाला महागच पडणार होतं.

हे पान वाचणाऱ्या इतरांसाठी हिशेब मांडते. आकडे तुमच्या रिपोर्टमधले नाहीत, तो तुमचा आहे. कुठल्याही सीलिंग फॅनला लागू पडतील असे गोल आकडे घेते. एलसीएमध्ये वस्तू नुसती तराजूत टाकत नाहीत. एका खोलीला १० वर्षं वारा द्यायचा, तर खाणीतल्या धातूपासून भंगारापर्यंत काय काय खर्ची पडतं, ते मोजतात. आता पंखा दिवसाला १० तास, वर्षाचे ३०० दिवस चालतो असं धरा. ५० वॉटची मोटर वर्षाला १५० युनिट खाते. ३० वॉटची बीएलडीसी मोटर (कमी विजेवर चालणारी, ब्रश नसलेली) ९० युनिट. आपल्याकडे वीज अजून बहुतेक कोळशावरची, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे नुसत्या मोटरमुळे वर्षाला ४२ किलोंचा फरक, १० वर्षांत ४२० किलोंचा.

आणि पाती? ॲल्युमिनियमची तीन पाती मिळून किलोभराची धरली, तर कोळशाच्या विजेवर काढलेल्या नव्या ॲल्युमिनियममागे किलोला १५ ते २० किलो कार्बन डायऑक्साइड जातो. बांबू वापरून हे सगळंच्या सगळं वाचलं असं मानलं (तसं ते वाचत नाही, कारण बांबूच्या पट्ट्या चिकटवायला गोंद लागतो, वर लॅकर लागतं), तरी ती बचत एकदाच होते. साधी मोटर ती पाच-सहा महिन्यांत खाऊन टाकते. पुढे वीज स्वच्छ होईल म्हणून युनिटमागचा आकडा निम्मा धरला, तरी मोटरचा फरक २१० किलो राहतोच.

हे कळायला रिपोर्ट लागत नाही. स्केच आणि मोटरचं माहितीपत्रक समोर असेल तर दुपारभराचं काम आहे. म्हणूनच मी गणपतीच्या आधी एवढा आग्रह धरला होता. त्या वेळी मोटर बदलायची म्हणजे कागदावरची एक ओळ खोडायची होती.

"हे लोक नैसर्गिक मालाच्या विरोधात आहेत" असंही तुम्ही लिहिलंय. तसं नाही हो. मी स्वतः बांबूचं काम करणाऱ्या कारागिरांकडून वस्तू घेते. फक्त माल नैसर्गिक आहे एवढ्यावर निकाल लागत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासात साधी सुती पिशवी प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला नुसत्या हवामानाच्या हिशेबात ५२ वेळा वापरावी लागते असं निघालं, आणि पाणी, ओझोनचा थर वगैरे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. पिशवी वाईट नाही. ती किती वेळा वापरली जाते यावर सगळं आहे. तुमच्या पात्यांबद्दलही आम्ही "ठेवा" असंच लिहिलंय, पान ११ वर. फक्त बचत तिथे नाही, एवढंच म्हटलंय.

सर्टिफिकेट का दिलं नाही, तेही थोडक्यात सांगते. खोक्यावर "इतर पंख्यांपेक्षा ४०% कमी प्रदूषण" असं छापायला तुम्हाला आमचा शिक्का हवा होता. एलसीएचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४०४४ प्रमाणे दुसऱ्याच्या मालाशी तुलना करून ती लोकांसमोर मांडायची, तर किमान तीन बाहेरच्या जाणकारांच्या समितीने अभ्यास तपासावा लागतो. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारची ग्रीनवॉशिंगविरुद्धची, म्हणजे पर्यावरणाच्या नावाखालच्या फसव्या दाव्यांविरुद्धची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तो शिक्का मी मारला असता तर उद्या नोटीस तुम्हाला आली असती. नाही म्हणताना मलाही बरं वाटलं नव्हतं.

२२ दिवसांचं म्हणाल तर वर्कऑर्डर ३ फेब्रुवारीची. बांबूच्या लॅमिनेटमध्ये गोंद किती, हे तुमच्या व्हेंडरकडून हवं होतं. ६ आणि १० तारखेला आठवण केली, कागद १४ ला आला, रिपोर्ट २५ ला गेला. कागद आल्यापासून ११ दिवस. एक दिवस जास्त लागला, तो आमचा.

आम्ही तिघंच आहोत. मी टूलरूममधली १४ वर्षांची नोकरी सोडून हे सुरू केलं. या आठवड्यात दोन चौकशा आल्या आणि दोघांनीही पहिला प्रश्न तुमच्या रिव्ह्यूवरून विचारला. त्यातला एक पुन्हा बोललाच नाही.

यापुढे काम सुरू होतानाच कुठली माहिती कधीपर्यंत लागेल ते लेखी देऊ, मध्ये फोनही करत जाऊ. फीचे टप्पे पाडता येतील का, तेही बघतो आहोत.

तुमच्या पुढच्या मॉडेलची बोलणी चालू आहेत असं कानावर आलंय. डायची ऑर्डर देण्याआधी स्केच घेऊन या, ढोबळ हिशेब फी न घेता करून देईन. तारे वाढवा असं मी म्हणत नाही. उशीर झाला, त्याचा तारा कापलात ते मान्य आहे. "आधी सांगितलं नाही" एवढं एक वाक्य मात्र तो जुना मेल बघून काढून टाकलंत तर बरं होईल.